मोबाईलचा झूम : दूरच्यासाठी की जवळच्यासाठी?

(मंडळाच्या कोजागिरीच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या कोजागिरीच्या बैठकीत दरवर्षी कुणी आरोग्यावर बोलते, कुणी बचतीवर, कुणी व्रतवैकल्यांवर. यंदा चिटणीसबाईंनी माझ्याकडे विषय दिला तो मोबाईलवर व्हिडिओ काढताना झूम वापरावा की न वापरावा, हा. फलकावर विषय वाचून पुष्कळजणी हसल्या, असे माझ्या कानावर आले. पण त्यात हसण्यासारखे काय आहे? बारसे असो, मंगळागौर असो की शाळेचे स्नेहसंमेलन, आपण साऱ्याजणी हात उंच करून चित्रण करतो. आणि माणूस लहान दिसू लागला की दोन बोटांनी पडदा ताणतो. मग घरी येऊन पाहावे, तो नातवाच्या नाकाडोळ्यांच्या जागी नुसते रंगाचे फराटे! त्या वेळी आपण मोबाईलला नावे ठेवतो. मोबाईल बिचारा काय करील? आपण मागितले ते त्याच्यापाशी नव्हतेच.

ते कसे, हे आधी सांगते. कारण एवढे एक कळले म्हणजे बाकीचे आपोआप सुचत जाते.

आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो. समजा, वीस ठिपके वीस ओळी, असे चारशे ठिपके मांडले आणि त्यांत मोर काढला. मोबाईलचे चित्रही असेच ठिपक्यांचे असते. त्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात आणि ते चारशे नसून लाखांनी असतात, एवढाच फरक. आता दोन बोटांनी ताणून चित्र दुप्पट केले म्हणजे काय झाले? मोर काही जवळ आला नाही. मोबाईलने कडेचे ठिपके पुसून टाकले, मधले दहा ठिपके दहा ओळी ठेवले आणि तेवढेच अंगणभर पसरले. चारशेचे शंभर उरले. मधे ज्या रिकाम्या जागा पडल्या त्या शेजारचे रंग पाहून अंदाजाने भरल्या. चौपट केले तर पाच ठिपके पाच ओळी, म्हणजे पंचवीस. आणि दहापट केले तर चारशेंतले चार ठिपके उरतात. चार ठिपक्यांत मोर काढून दाखवा पाहू! गणित माझे सातवीपर्यंतचेच, पण एवढ्याला ते पुरते. हाच तो डिजिटल झूम. उंडा तेवढाच आणि पोळी मात्र ताटाहून मोठी लाटायची, तशातला प्रकार.

याहून निराळा झूम भिंगाचा. हल्लीच्या मोबाईलच्या पाठीवर दोन-तीन भिंगे असतात आणि जरा महागातल्या मोबाईलमध्ये त्यांपैकी एक दूरचे पाहण्यासाठी असते. आयफोनमध्ये असे दुसरे भिंग पहिल्यांदा आले ते २०१६ साली, सात प्लस या मोबाईलमध्ये. अशा भिंगातून चित्र खरोखरच मोठे होऊन आत शिरते. ठिपके पुसावे लागत नाहीत. विकणारे मात्र दोन्ही झूम एकाच परातीत मळतात. २०२० साली सॅमसंगच्या एका मोबाईलची ‘शंभरपट झूम’ म्हणून मोठी जाहिरात झाली. त्यांत भिंगाचा वाटा थोडका, बाकीचे सारे ताणणेच.

आपल्या हातातला झूम भिंगाचा की ताणण्याचा, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कॅमेरा उघडून २ किंवा ३ या आकड्यावर बोट ठेवा, आणि मग पाठीवरची भिंगे एकेक करून बोटाने झाका. जे झाकल्यावर पडदा काळा होतो, तेच भिंग त्या वेळी काम करीत असते. १ या आकड्याला जे भिंग होते तेच ३ या आकड्यालाही असेल, तर समजावे की हे नुसते ताणणे आहे. ही परीक्षा एकदा दिवसा खिडकीपाशी आणि एकदा रात्री दिव्याखाली करावी. उजेड कमी पडला की कित्येक मोबाईल दूरचे भिंग गुपचूप बाजूला ठेवतात आणि मुख्य भिंगाचेच चित्र ताणून देतात. वस्तू अगदी जवळ असली तरीही तसेच करतात. पडद्यावर आकडा मात्र तोच दिसत राहतो!

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, मग डिजिटल झूम कधी वापरूच नये. जाणते लोकही असेच सांगतात. मला मात्र ते पटत नाही. आपण तो नेमका चुकीच्या जागी वापरतो, असे माझे म्हणणे आहे. झूम म्हणजे दूरचे जवळ आणण्याचे साधन, ही आपली समजूत. पण डिजिटल झूम दूरच्यासाठी अगदीच कुचकामी आहे, आणि जवळच्या वस्तूसाठी मात्र फार उपयोगी आहे. हे उलटे वाटेल, म्हणून आपल्या मंडळाचेच उदाहरण घेते.

गेल्या वर्षी आपण ठरवले की गव्हले, मालत्या, नखुले, बोटवे हे जे हाताने वळण्याचे प्रकार आहेत त्यांचे चित्रण करून ठेवायचे. लग्नघरी गव्हले वळायला मुहूर्त धरीत, साऱ्या आळीतल्या बायका जमत. आता खिरीपुरते गव्हले विकत मिळतात, आणि ज्यांना ते वळता येतात अशा आपल्या मंडळात दोघीच होत्या. दोघींनाही बोलावले, सोजी भिजवली, वाळवणासाठी चादरी पसरल्या. चित्रण करणाऱ्यांनी चादरींवर पाय पडू नये म्हणून दारातच उभे राहून, आठपट झूम लावून, पाऊण तास चित्रण केले. त्यांची भावना चांगलीच होती, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण ते चित्रण आज लावून पाहिले तर आजींच्या लुगड्याचा रंग कळतो, समोर परात आहे हे कळते, आणि बोटांच्या जागी गव्हाळ रंगाचा लगदा हालताना दिसतो. त्या दोघींपैकी थोरल्या आजी यंदाच्या आषाढात गेल्या. त्या दोन्ही हातांनी एकाच वेळी वळीत. डाव्या हाताचा दाणा पडतो न पडतो तोच उजव्या हाताचा पडे, आणि दोन्ही दाणे सारखे. धाकट्या आजी उजव्याच हाताने वळतात. त्या स्वतःच म्हणतात, ‘ते दोन हातांचे मला कधी साधले नाही बाई.’ म्हणजे दोन हातांनी वळण्याची ती तऱ्हा आता त्या लगद्यातच आहे, आणि त्यातून ती कुणाला उकलून काढता येणार नाही. मी ते चित्रण चार वेळा पाहिले.

आता विचार करा. गव्हला केवढा? तांदळाच्या दाण्याएवढा. भिजवलेल्या पिठाचा कण चिमटीत घ्यायचा, अंगठा तर्जनीवरून फिरवला की दोन्ही टोकांना निमुळता होऊन दाणा सुटून पडतो. शिकणारीला पाहायचे असते ते अंगठा किती दाबला आणि कुठे सैल सोडला, एवढेच. हे दारातून कसे दिसणार? बरे, म्हणून मोबाईल अगदी बोटांजवळ नेला तर तेही साधत नाही. एक तर मोबाईलची आणि आपल्या हाताची सावली परातीवर पडते. दुसरे, मुख्य भिंगाला फार जवळचे स्पष्ट दिसत नाही, जसे आपल्याला चाळिशीनंतर सुईचे नेढे दिसत नाही तसे. साधारण वीतभर अंतर तरी त्याला लागते. कुठल्या मोबाईलला थोडे कमी, कुठल्याला जास्त. तिसरे, वळणारीच्या हाताला अडचण होते, आणि नाकाशी यंत्र आले की म्हातारे माणूस बिचकते.

इथे डिजिटल झूम कामाला येतो. वीतभर जवळ न जाता हातभर लांब बसायचे आणि २ वर झूम लावायचा. बोटे तेवढीच मोठी दिसतात, सावली पडत नाही, चित्र स्पष्ट येते, आणि आजी मोकळेपणाने वळतात. चेहऱ्याचेही असेच आहे. अगदी जवळून चेहरा टिपला तर नाक फुगलेले आणि कान मागे गेलेले दिसतात. दोन पावले मागे सरून दुप्पट झूम केला की माणूस आपल्याला समोर दिसते तसे दिसते. बाळाला न्हाऊमाखू घालताना, मोदकाच्या मुखऱ्या घालताना, भरतकामाचा टाका दाखवताना, मेंदी काढताना, सगळीकडे हेच माप ठेवावे: हातभर अंतर, दुप्पट झूम.

तुम्ही विचाराल, ठिपके तर इथेही कमी होतात, मग चित्र बिघडत कसे नाही? याचे उत्तर व्हिडिओत आहे. फोटो काढताना मोबाईल आपले सगळे ठिपके वापरू शकतो. व्हिडिओला तेवढे लागतच नाहीत. आपण ज्याला फुल एचडी म्हणतो त्या व्हिडिओची एक ओळ १९२० ठिपक्यांची, आणि अशा ओळी १०८०. सगळे मिळून सुमारे वीस लाख त्र्याहत्तर हजार. बारा मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्यातसुद्धा एका ओळीत सुमारे ४००० ठिपके असतात. दुप्पट झूम करून निम्मी ओळ कापली तरी २००० उरतात, आणि हवेत १९२०. म्हणजे दुपटीपर्यंत पदरचे काही जात नाही. तिथून पुढे मात्र पाणी घालून पिठले वाढवणे सुरू होते. ४के म्हणून जो बारीक वीणीचा व्हिडिओ असतो त्याची ओळ ३८४० ठिपक्यांची. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर ४के लावून झूम केला की ताणणे लगेच सुरू होते. अठ्ठेचाळीस किंवा पन्नास मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला मात्र तिथेही दुप्पट झूम झेपू शकतो. २०२२ सालच्या आयफोन चौदा प्रोमध्ये २ हा आकडा असाच दिलेला आहे. तिथे वेगळे भिंग नाही, अठ्ठेचाळीसांतले मधले बारा मेगापिक्सेल घेतले जातात. ही युक्तीही काही नवी नव्हे. नोकियाने २०१२ साली ८०८ नावाच्या मोबाईलमध्ये हेच केले होते.

पण सगळे मोबाईल आपल्याजवळचे ठिपके नीट वापरतातच असे नाही. तेव्हा जाहिरातीवर विसंबू नये, आपला आपण पडताळा पाहावा. भिंतीवर कालनिर्णय असतेच. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून मोबाईल डब्याला टेकवून ठेवा आणि १, २, ४, १० अशा झूमवर थोडा थोडा वेळ चित्रण करा. मग घरातल्या टीव्हीवर लावून पाहा. तिथीची अक्षरे दुपटीला वाचता येतात, चौपटीला अंदाजाने लागतात आणि दहापटीला मुंग्यांची रांग होते, असा माझ्या मोबाईलचा हिशेब निघाला. तुमचा थोडा वेगळा निघेल. जिथे वाचणे संपून अंदाज सुरू होतो, तीच तुमच्या झूमची हद्द. टीव्हीवर पाहा असे मुद्दाम म्हणते. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर सारेच साजरे दिसते.

आता दूरच्याचे. स्नेहसंमेलनात मागल्या रांगेतून झूम लावून नाच टिपणाऱ्या आपण! ठिपके जातात हे तर झालेच. शिवाय झूम जितकेपट, तितकेपट हाताचा कंपही मोठा दिसतो. सभागृहात दिवे मंद, म्हणून चित्रात रवा पेरल्यासारखे दाणे उठतात, आणि तेही झूमने फुगतात. आणि सगळ्यांत मौज म्हणजे, लहानग्याला मोठ्ठा करून पडदाभर धरून ठेवावे, तर गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला तो टुणकन पलीकडच्या टोकाला जातो आणि आपण शेजाऱ्याच्या मुलाचे चित्रण करीत बसतो. दूरचे टिपायचे तर उठून पुढे जावे. ते शक्य नसेल तर झूम न लावता साऱ्या रंगमंचाचेच चित्रण करावे. जमत असेल तर ते ४के मध्ये करावे. नंतर घरी निवांतपणे मधला हवा तेवढा भाग कापून दुप्पट केला तरी फुल एचडी शाबूत राहते. नंतर कापता येते. पण झूम लावून एकदा बाहेर टाकलेले मात्र परत आत घेता येत नाही. लग्नाच्या चित्रणात अंतरपाटापाशी नुसते वधूवर पडदाभर धरले, आणि मागे अक्षता घेऊन उभे असलेले आजोबा गेले, असे पुष्कळ घरांत झालेले आहे.

याला एक अपवाद मी करीन. चित्र सुंदर नको, नुसते कळायला हवे असेल, तेव्हा दूरच्यालाही खुशाल झूम लावा. गच्चीवरच्या टाकीला कुठून पाझर आहे, सज्जाखाली गांधीलमाश्यांचे पोळे केवढे आहे, वरच्या मजल्यावरचा पाइप कुठे सुटला आहे, हे नळदुरुस्तीवाल्याला दाखवायला पाच-सहापट झूमचा अस्पष्ट व्हिडिओही पुरतो. शिडीवर चढण्यापेक्षा ते केव्हाही बरे. मात्र हळदीकुंकवात दुरून झूम लावून फराळ करणाऱ्या बाईचे भरलेले तोंड टिपू नये. तिला न विचारता तर नाहीच नाही.

आणखी एक गोष्ट साऱ्याजणी विसरतात. झूमने चित्र मोठे होते, आवाज जवळ येत नाही. काही मोबाईल आवाजही झूम करण्याचा दावा करतात, पण माईक शेवटी आपल्या हातातल्या मोबाईललाच असतो. दारातून केलेल्या त्या चित्रणात आजी ओव्या म्हणत होत्या. ऐकू येतो तो पंखा, आणि दारातल्या दोघींची भाजीच्या भावाबद्दलची चर्चा. ती मात्र स्वच्छ ऐकू येते! तेव्हा दुसरा एक मोबाईल म्हणणारीच्या शेजारी, पानाच्या डब्याआड ठेवून त्यात नुसता आवाज धरावा. सुरुवातीला एकदा मोठ्याने टाळी वाजवावी, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळवता येतात. पंखा बंद करावा. थोडे उकडले तर उकडले.

हात स्थिर राहण्यासाठी वेगळी तिकाटणी विकत घेतलीच पाहिजे असे नाही. चौरंगावर दोन डबे आणि वर उशी, एवढ्यावर मोबाईल छान टेकतो. झूम चित्रणाआधीच लावून घ्यावा. मधेच बोटांनी ताणले की चित्र हिसका खाते आणि पाहणारीचे डोळे दुखतात; अगदीच लागला तर आकड्यावर बोट दाबून ठेवून सावकाश सरकवावे.

चित्रण झाले की व्हॉट्सॲपवर टाकून निश्चिंत होऊ नये. व्हॉट्सॲप व्हिडिओ आवळून लहान करते. २०२३ पासून त्यात एचडीची सोय आहे, तरीही मूळ चित्र जसेच्या तसे हवे असेल तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. आणि मूळ प्रत एखाद्या पेनड्राइव्हवर ठेवावी, कारण ४के चे चित्रण जागा फार खाते. मोबाईलप्रमाणे तीन ते सहा मिनिटांतच एक जीबी होते. गव्हल्यांसाठी मी फुल एचडी आणि दुप्पट झूम असेच सुचवीन. बोटे तेवढ्यात पुरेशी दिसतात, आणि पाऊण तासाचे चित्रण मोबाईलमध्ये मावतेही.

धाकट्या आजींशी मी बोलले आहे. त्यांना चित्रण करू देण्याची हरकत नाही. फक्त लगद्याचे ऐकल्यापासून त्या म्हणतात, ‘या वेळी माझी बोटं दिसू देत, तोंड नाही दिसलं तरी चालेल.’ येत्या रविवारी दुपारी दोन वाजता त्यांच्या माजघरात जमायचे आहे. त्या वेळी पश्चिमेच्या खिडकीतून परातीवर तिरपा उजेड येतो. मोबाईल दोनच असतील, एक चित्राला आणि एक आवाजाला; बाकीच्यांनी आपापले पिशवीत ठेवून हात धुऊन वळायला बसावे. दुधात पीठ भिजवायचे की पाण्यात, हे आजी सांगतील. सोजी मी आणते, चादरी कुणीतरी आणा.